पैसे फिटले, बोजा उतरला का?

बाळ, परवा तू फोन ठेवलास आणि मी तसाच उठून अक्काकडे गेलो. लोखंडी पेटी उघडून दाजींचे कागद काढले आणि ओसरीवर बसून तुमच्या प्लॉटचा सातबारा दोनदा वाचला. इतर हक्कांच्या रकान्यात दोन ओळी आहेत. पहिली बँकेची आहे, दाजींनी स्लॅबसाठी काढलेल्या कर्जाची. दुसरी अक्कलकोटच्या दिवाणी न्यायालयाची, गुत्तेदाराच्या दरखास्तीत झालेल्या जप्तीची. पहिल्या ओळीचे पैसे दाजींनी जाण्याआधीच फेडले, ओळ मात्र जागची हललेली नाही. दुसरीचे पैसेही द्यायचे आहेत आणि ओळही काढायची आहे.

तू विचारलंस, "मामा, गुत्तेदाराच्या मुलाला पैसे देऊन टाकू का? एकदाचं मोकळं होऊ." तो प्रश्न ऐकून माझ्या पोटात गोळा आला. का ते पुढे सांगतो. आत्ता एवढंच ध्यानात घे, की पैसे फेडणं हे एक काम आहे आणि बोजा उतरवणं हे दुसरं. पहिलं केलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

दुधनीच्या मार्केट यार्डात अडत दुकानावर मी चौतीस वर्षं दिवाणजी होतो. तुरीच्या हंगामात रात्री अकरापर्यंत खाती लिहायचो. शेतकऱ्याची उचल फिटली की त्याच्या खात्यावर आडवी रेघ मारायची, "बेबाक" लिहायचं, तारीख घालायची आणि त्याच्यासमोर सही करायची, हे मालकांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं. पैसे आले आणि रेघ मारायची राहिली, तर पुढच्या वर्षी वही उघडणाऱ्याला ते देणं उभंच दिसतं. त्याचाही दोष नसतो, तो वहीवरच चालणार. तलाठी, बँक, कोर्ट आणि उद्या तुझं घर घ्यायला येणारा माणूस, सगळे वहीवरच चालतात.

तुझा धाकटा भाऊ टेक्सासात आहे, म्हणून त्याच्या बोलण्यानं तुझा गोंधळ झाला. तो म्हणाला, तिकडे छपराचं काम करणाऱ्याचे पैसे थकले तर तो काउंटीच्या दप्तरात कागद दाखल करून घरावर बोजा चढवतो, मग घर विकणं अडतं. तिकडचं ते खरं आहे. अमेरिकेत ही रीत जुनी आहे. १७९१ साली मेरिलँड राज्यानं नवी राजधानी वॉशिंग्टन उभी राहताना कारागिरांना हा हक्क दिला. थॉमस जेफरसन यांचा त्यामागे आग्रह होता. घर बांधणाऱ्याचा घाम त्या घरातच मुरलेला असतो, म्हणून त्याचा घरावर हक्क, असा तो विचार.

आपल्याकडे कायद्यानं गुत्तेदाराला असा हक्क आपोआप मिळत नाही. करार कायद्याच्या १७० व्या कलमानं सोनाराला किंवा घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. पण ती त्याच्या ताब्यात दिलेली, उचलून नेता येणारी वस्तू असते. जमिनीवर उभं असलेलं घर त्यात बसत नाही. गुत्तेदाराला दिवाणी दावा लावावा लागतो, तोही काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत. दावा जिंकला तर हुकूमनामा, त्यावर वसुलीसाठी दरखास्त आणि मग जप्ती. दावा चालू असताना जप्ती मागता येते, पण मालक पैसे बुडवण्यासाठी मिळकत विकायला निघालाय अशी कोर्टाची खात्री पटली तरच. म्हणून उद्या कुणी मिस्त्री तुला म्हणाला, "तलाठ्याला सांगून उताऱ्यावर बोजा टाकतो," तर त्याला शांतपणे बसव, चहा दे आणि कोणत्या हुकुमानं ते विचार.

तुमच्या बाबतीत मात्र हुकूम आहे. दाजी कोर्टात गेलेच नाहीत, त्यामुळे दावा एकतर्फी झाला. कामात खोट होती म्हणून त्यांनी पैसे अडवले होते, आणि खोट होतीही. पहिल्याच पावसाळ्यात जिन्याखाली ओल आली ती मी पाहिलीय. पण समन्स आलं की जाऊन ते सांगायचं असतं, घरी बसून नाही. खोट होती तर दाजींना सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता आलं असतं. घरबांधणी ही ग्राहक कायद्यात सेवा धरलेली आहे, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. ती वेळ गेली. आता खोटीचा वाद उकरून उपयोग नाही, हुकूमनामा झालाय तो फेडायचा.

आधी किती द्यायचे ते ठरव. हे गुत्तेदाराच्या मुलाच्या तोंडून ऐकू नको. कोर्टातून हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल काढ. तीत तीन गोष्टी बघायच्या: मूळ रक्कम, व्याजाचा दर आणि कधीपासून तो, आणि दाव्याचा खर्च. मी कागदांतली साधी प्रत पाहिली. मूळ रक्कम २,४०,००० रुपये आहे आणि पुढचं व्याज सहा टक्के, सरळ. वर्षाला १४,४०० झाले. पाच वर्षांचे ७२,०००. म्हणजे ३,१२,००० रुपये आणि वर खर्चाचा आकडा. तो मुलगा तुला पाच लाखांवर सांगतोय, कारण त्यानं दोन टक्के महिन्यानं व्याज लावलंय. बाजारातला तो दर असेल, हुकूमनाम्यात नाही. त्याच्याशी भांडू नको. नक्कल समोर ठेव आणि आकडेमोड त्याच्याच हातानं करून घे. माणूस स्वतःच्या हातानं बेरीज केली की शांत होतो, हे मी यार्डात शंभर वेळा पाहिलंय.

आणखी एक, म्हणजे तुझी रात्रीची झोप परत येईल. वडिलांच्या हुकूमनाम्याची जबाबदारी वारसांवर वडिलांकडून आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. तुझ्या पगाराला किंवा तुझ्या नवऱ्याच्या दुकानाला त्याचा हात लागत नाही. अक्काच्या अंगावरच्या सोन्यालाही नाही. घर मात्र दाजींचं, म्हणून ते अडकलंय. स्वतः कसणाऱ्या शेतकऱ्याचं राहतं घर कायद्यानं जप्तीतून वगळलेलं आहे. पण दाजी रेल्वेत होते, शेती त्यांची नव्हती, तेव्हा ती वाट तुम्हाला नाही.

आता माझ्या पोटातल्या गोळ्याबद्दल.

मी माझं घर बांधलं तेव्हा तुझा जन्म झालेला नव्हता. माळवद काढून वर स्लॅब टाकला, खाली शहाबादी फरशी. गुत्तेदाराशी जादा कामावरून बिघडलं, त्यानं दावा लावला आणि माझ्यावर ३८,००० रुपयांचा हुकूमनामा झाला. मी चार महिन्यांत पैसे जमवले. कोर्टात कशाला जायचं, माणूस ओळखीचा आहे, म्हणून स्टेशनसमोरच्या हॉटेलात त्याला गाठलं. शंभराच्या नोटा मोजून दिल्या. त्यानं कोऱ्या कागदावर "पैसे मिळाले, हिशेब बेबाक" असं लिहून तिकिटावर सही केली. त्यानं मला मिठी मारली, मीही मारली. तो माणूस वाईट नव्हता. पण सहा वर्षांनी तो गेला आणि त्याच्या मुलांना पेटीत हुकूमनामा सापडला. हुकूमनाम्याची दरखास्त बारा वर्षांपर्यंत लावता येते. मुलांनी लावली.

मी छाती पुढे काढून पावती घेऊन गेलो. वकिलांनी ती वाचली आणि विचारलं, "हे कोर्टात नोंदवलं होतं का?" मला प्रश्नच समजला नाही. तेव्हा कळलं, की हुकूमनाम्याचे पैसे कोर्टाबाहेर दिले तर ते कोर्टाच्या दप्तरी नोंदवून घ्यावे लागतात. पैसे घेणाऱ्यानं कळवायचं असतं. त्यानं कळवलं नाही तर देणाऱ्यानं अर्ज करायचा, आणि त्या अर्जाला मुदत असते पैसे दिल्यापासून तीस दिवसांची. जे नोंदवलेलं नाही ते दरखास्त चालवणारं कोर्ट मानतच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर २१, नियम २ म्हणून ते स्पष्ट लिहिलंय. न्यायाधीशांनी कायद्याप्रमाणेच केलं. पैसे परत मागायला वेगळा दावा लावता येईल असं वकील म्हणाले, पण तोवर घरावर जप्ती येणार होती. शेवटी त्या मुलांशी तडजोड केली आणि निम्मे पैसे दुसऱ्यांदा दिले. तुझ्या मामीच्या पाटल्या गेल्या. आजही लग्नाकार्यात ती हातात काचेच्या बांगड्या भरते तेव्हा मी दुसरीकडे बघतो.

म्हणून सांगतो, दुधनीत, यार्डात, देवळाच्या पायरीवर, कुठेही त्या मुलाच्या हातात पैसे ठेवू नको. तो कितीही चांगला असला तरी नाही.

तीन वाटा आहेत. सगळ्यात पक्की म्हणजे दरखास्त नंबर घालून रक्कम कोर्टातच भरायची. अर्ज द्यायचा, चलन घ्यायचं, पैसे भरायचे आणि भरल्याची नोटीस समोरच्याला रजिस्टर पोस्टानं द्यायची. ती नोटीस त्याला पोचली त्या दिवशी व्याज थांबतं, हे विसरू नको. दुसरी वाट, दोघांनी वकिलांसह कोर्टात उभं राहून पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, द्यायची. इतकी रक्कम बँकेमार्फत अमुक तारखेला पोचली, हुकूमनामा पूर्ण फिटला, जप्ती उठवण्यास हरकत नाही, असं तिच्यात लिहिलेलं हवं. शेवटचे ते चार शब्द असल्याशिवाय सही करू नको. तिसरी वाट लोकअदालत. अक्कलकोटला ती भरते आणि दरखास्तीही तिथे ठेवतात. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, त्यामुळे त्याचा चुलत भाऊ पुढे कधी उपटला तरी काही करू शकत नाही. तुझ्या ओळखीत कुणाचा मूळ दावाच अजून चालू असेल तर त्याला सांग, लोकअदालतीत मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. लोकांना हे ठाऊक नसतं.

तुमच्या दरखास्तीत मला पुरशिसची वाट बरी वाटते, कारण व्याजात तो थोडं सोडेल. २,८५,००० वर येईल असा माझा अंदाज. पण पैसे बँकेतूनच द्यायचे, आरटीजीएस किंवा डिमांड ड्राफ्ट. एका व्यवहाराचे दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यानं बंद आहे. दंड घेणाऱ्यावर बसतो, घेतली तेवढ्याच रकमेचा. म्हणजे रोख नको हे त्याच्याही भल्याचं आहे, असं सांगून बघ. आणि गुत्तेदार आता हयात नाही, तेव्हा पैसे घेणारा एकटा वारस आहे की बहिणीही आहेत, हे वकिलांकडून बघून घे. सगळ्या वारसांची नावं दरखास्तीत असली पाहिजेत आणि सह्या सगळ्यांच्या. तसंच तुमच्या बाजूनं दाजींच्या जागी अक्का, तू आणि तुझा भाऊ. तो टेक्सासात असल्यानं त्याचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यायला वेळ लागतो. ते आजच सुरू करायला सांग.

पैसे नोंदले की कोर्टाकडून जप्ती उठल्याचा हुकूम माग. तो आपोआप घरी येत नाही. एक गंमत वाटेल तुला, पण कायद्यात आहे. जमिनीवर जप्ती येते तेव्हा ढोल वाजवून, म्हणजे दवंडी पिटून, ती जाहीर करायची असते आणि कागद मिळकतीवर डकवायचा असतो. जप्ती उठली की मालकाची इच्छा असेल तर त्याच्या खर्चानं तीही तशीच जाहीर करता येते. तुमच्या दारात बेलिफ कागद चिकटवून गेला त्या दिवसापासून अक्का विहिरीवरच्या बायकांत बसत नाही. माझं मत, हा खर्च कर. ज्या गल्लीत जप्ती वाजली त्या गल्लीत सुटकाही वाजू दे.

हुकुमाच्या तीन नकला काढ. एक पेटीत, एक तुझ्याकडे पुण्यात आणि एक तलाठ्याकडे. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आपल्या तोंडी तलाठीच. अर्जाबरोबर नक्कल जोड. बोजा कमी करण्याचा अर्ज ई-हक्कवरूनही टाकता येतो, पण तू समक्ष ये. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय उठायचं नाही. मग फेरफार धरतात, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. एकोणीस किंवा वीस दिवसांनी फेरफार नंबर घेऊन विचारायला जायचं. "मंजूर झालं" असं तोंडी ऐकून परत यायचं नाही. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो. तो काढून इतर हक्कांचा रकाना स्वतः वाचायचा. बोजा कमी केल्याची नवी फेरफार नोंद आणि जुनी ओळ कंसात गेलेली दिसली पाहिजे. कुणी कसल्याही नावानं पैसे मागितले तर पावती माग. पावती न देणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत.

नगरपरिषदेच्या कर उताऱ्यावरही शेरा आहे का ते बघून घे. घर विकताना घेणारा दोन्ही उतारे मागतो आणि लोकांचं लक्ष एकाकडेच असतं.

आता पहिली ओळ, बँकेची. दाजींनी २०२४ च्या पावसाळ्यात शेवटचा हप्ता भरला. कर्ज संपल्याचं पत्र पेटीत आहे, पण मूळ खरेदीखत नाही. मी सगळी पेटी उलटी केली. म्हणजे ते बँकेतच राहिलंय. बँकेला विचारायला लाजायचं कारण नाही, कायदा तुझ्या बाजूचा आहे. रिझर्व्ह बँकेनं १३ सप्टेंबर २०२३ ला परिपत्रक काढलं. कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत सगळे मूळ कागद परत करायचे आणि कुठल्याही दप्तरात नोंदवलेला बोजा काढायचा. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. कागद हरवले असतील तर नकला काढण्याचा खर्च बँकेचा आणि त्यासाठी आणखी तीस दिवस. १ डिसेंबर २०२३ नंतर फिटलेल्या कर्जांना हे लागू आहे, म्हणजे दाजींच्या कर्जाला आहे. कर्जदार गेला असेल तर वारसांना कागद कसे द्यायचे याची पद्धत बँकेनं आधीच ठरवून ठेवायची, असंही त्यातच आहे.

तू साधा लेखी अर्ज दे. दाजींचा मृत्यूचा दाखला, कर्ज संपल्याचं पत्र आणि वारसांची नावं जोड. मागायच्या वस्तू चार: मूळ खरेदीखत, तलाठ्याच्या नावे बोजा कमी करण्याचं पत्र, गहाणखत नोंदणीकृत असेल तर त्याचा मुक्तीलेख, आणि सेरसाय या केंद्रीय नोंदवहीतून बोजा काढल्याचा पुरावा. शेवटचं बहुतेकांना माहीत नसतं. २०११ पासून बँका घरावरचं गहाण तिथेही नोंदवतात. सातबारा स्वच्छ असला आणि तिथली नोंद राहिली, तर तुझ्या गिऱ्हाइकाची बँक तिथेच अडेल. भरपाईचं बोलणं पहिल्या भेटीत काढू नको. मॅनेजरही बदलून आलेला असतो. महिनाभरात कागद आले नाहीत तर मात्र लेखी माग, ती मेहेरबानी नाही.

आणि कुणाचं कर्ज अजून चालू असेल, फेडून टाकायचं असेल, तर त्याला सांग: फेडण्याच्या आकड्याचं विवरण लेखी घ्यायचं आणि त्यातली ओळ न् ओळ विचारायची. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा आकार व्यक्तीकडून घेता येत नाही, २०१२ पासून ते बंद आहे. थकल्याचा दंड असेल तर तो वेगळा दाखवायला हवा आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. हे रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या बँकांचं झालं, त्यात नागरी सहकारी बँकाही आल्या. आपल्या भागातली निम्मी घरं मात्र पतसंस्थेच्या पैशावर उभी आहेत आणि पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचा हुकूम चालत नाही. तिथे सहकार खात्याचे निबंधक. पतसंस्था वसुलीचा दाखला मिळवून थेट जप्ती आणू शकते, दिवाणी दाव्याची तिला गरज नसते. म्हणून पतसंस्थेचं कर्ज फिटलं की त्याच आठवड्यात बेबाकीचा दाखला आणि तलाठ्याच्या नावचं पत्र, दोन्ही हातात.

तुझा नवरा म्हणत होता, हे सगळं निस्तरलं की वर दोन खोल्या काढू, विकायला नको. मला आवडेल. मग हे आधी ऐक.

गुत्तेदार कर्नाटकातल्या आळंदचा असो की अफजलपूरचा, माणूस बघून घे, सरहद्द बघू नको. त्या बाजूचे गवंडी दगडकामाला आपल्यापेक्षा सरस आहेत. पण करार महाराष्ट्राच्या स्टॅम्पवर कर. तिकडच्या स्टॅम्पवर केलेला कागद इथे कोर्टात दाखवायची वेळ आली तर उरलेलं मुद्रांक शुल्क आणि महिन्याला दोन टक्के दंड भरल्याशिवाय तो वाचतसुद्धा नाहीत. करार कन्नडमध्ये असला तरी चालेल, फक्त तोच मजकूर मराठीत करून दोन्हींवर सह्या घ्या, म्हणजे पुढे भाषांतरावरून वाद नको. काम मजुरीवर की मालासकट, हे पहिल्या ओळीत लिहा. नुसत्या मजुरीवर एका स्वतंत्र घराचं काम असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. मालासकट असेल आणि बिलात १८ टक्के लावले असतील, तर त्याचा जीएसटी नंबर बिलावर आहे का ते बघा. नंबर नसलेल्या माणसाला तो कर घेता येत नाही.

मोजमाप कसं धरायचं ते ठरवून घ्या. सगळी भांडणं मी तिथेच होताना पाहिली. वाळूचा ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि स्लॅबचा ब्रास म्हणताना लोक शंभर चौरस फूट धरतात. छज्जा, जिना, पाण्याची टाकी मापात धरायची की नाही, दारा-खिडक्यांची जागा वजा करायची की नाही, हे आधी लिहा. जादा काम निघालं तर त्याच दिवशी वहीत दर लिहून दोघांच्या सह्या. माझ्या घराचा दावा दोन जादा कप्प्यांवरून आणि न्हाणीच्या एका भिंतीवरून झाला होता. पाच हजारांवरच्या प्रत्येक पावतीला एक रुपयाचं महसूल तिकीट, आणि पावतीवर "कशाबद्दल" हे लिहिलेलं.

तुझ्या भावाच्या टेक्सासात एक चांगली रीत आहे. मालकानं दहावा हिस्सा काम पुरं झाल्यावर तीस दिवस राखून ठेवायचा, म्हणजे खालच्या मजुराचं किंवा मालवाल्याचं राहिलं असेल तर त्यातून देता येतं. आपल्याकडे सरकारी कामात सुरक्षा ठेव अशीच अडकवतात. तुम्ही करारात दहा टक्के राखून ठेवा, पण एका पावसाळ्यापर्यंत. तुमच्या जिन्याखालची ओल उन्हाळ्यात दिसली नव्हती. पाऊस गेला, छत कोरडं राहिलं की दुसऱ्याच दिवशी ती रक्कम न मागता त्याच्या घरी नेऊन द्या.

न मागता, हे मी मुद्दाम म्हणतो. गुत्तेदाराचे पैसे अडले की त्याचे गवंडी आणि बिगारी अडतात, आणि बिगारी बाईला बाजारच्या दिवशी मिठा-मिरचीला पैसे लागतात. दाजी भले माणूस होते, पण रागात त्यांनी खोटीच्या हिशेबापेक्षा जास्त अडवून ठेवले. मोजून, लिहून, जेवढं अडवायचं तेवढंच अडवलं असतं आणि बाकीचं दिलं असतं, तर तो माणूस कोर्टात गेलाच नसता असं मला वाटतं. हे अक्कासमोर मी कधी बोललो नाही. तुला सांगतोय, कारण आता घर तुझ्या हातात आहे.

येत्या सोमवारी ये. पहाटेची गाडी पकडलीस तर अक्कलकोट रोडला उतर, मी तिथेच येतो, आपण आधी वकिलांकडे जाऊ. येताना दाजींच्या मृत्यूच्या दाखल्याच्या चार प्रती, तुझं आणि भावाचं आधार, आणि भावाच्या मुखत्यारपत्राचा मसुदा आण. सातबारावर वारस नोंद अजून झालेली नाही, तो अर्ज त्याच दिवशी टाकू. तुमची नावं लागली की बँकेकडे खरेदीखत मागणंही सोपं जाईल. पेटीची किल्ली अक्काच्या कमरेला आहे, ती फक्त तुलाच देईन म्हणते.

आणि नवा उतारा निघाला की पुण्याला घेऊन जाऊ नको, आधी तिच्यापुढे धर. तिला मराठी वाचता येत नाही, कन्नड शाळा शिकलेली ती. गेली पाच वर्षं कुणीही कागद घेऊन दारात आलं की ती विचारते, "साल तीरितेनो?" कर्ज फिटलं का रे? तू तो रकाना बोटानं दाखव आणि तिच्याच भाषेत सांग: "साल तीरितु, अव्वा."